३००१चं नेमकं कुठं बिनसलं? विश्रामबागच्या कट्ट्यावरचं एक प्रकरण

लांबलचक मालिका वाचायला घेतली, आधीची पुस्तकं मजेत गेली आणि शेवटच्या पुस्तकाला सगळ्यांची तोंडं पडली, असं बऱ्याच जणांचं झालेलं असतं. पण तोंड कशामुळं पडलं ते कुणी बसून शोधत नाही, 'शेवट बेकार' एवढं म्हणून विषय संपतो. आमच्याकडं '३००१' या कादंबरीवरनं तो संपला नाही, चांगला लांबला, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी मंडळी कोण ते सांगतो. सांगलीत विश्रामबागला आमचा एक वाचनकट्टा भरतो, कुणाच्या तरी हॉलमध्ये, चहा आणि भडंग यजमानाकडं, पुस्तक ज्याचं त्यानं मिळवायचं. इंग्रजीतनं वाचायचं आणि मराठीतनं भांडायचं, एवढाच नियम. एक रिटायर्ड फिजिक्सचे सर आहेत, मार्केट यार्डातले हळदीचे अडते आहेत ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, बँकेतल्या एक वहिनी, कुपवाड एमआयडीसीत सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) प्रोग्रॅमिंग करणारा एक दादा, आणि मी. तासगावहून एसटीनं येऊन-जाऊन इंजिनिअरिंग करणारी एक मुलगी उशिरा सामील झाली, ती या प्रकरणात महत्त्वाची आहे, पुढं येईलच.

मालिका होती आर्थर सी. क्लार्क या विज्ञानकथाकाराची ओडिसी. '२००१' आलं १९६८ साली, स्टॅनली कुब्रिकचा सिनेमा आणि पुस्तक दोन्ही एकाच साली, मग '२०१०' आलं १९८२ ला, '२०६१' आलं १९८७ ला आणि '३००१: द फायनल ओडिसी' १९९७ ला. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या पुस्तकात २९ वर्षांचं अंतर. इथनं पुढं मी सगळ्यांचे शेवट फोडणार आहे, ज्यांना वाचायचंय त्यांनी इथंच थांबावं.

वाचलं नसेल तर थोडक्यात असं. चंद्रावर टायको विवरात तीस लाख वर्षांपूर्वी कुणीतरी पुरून ठेवलेली काळी शिळा सापडते, बाजूंचं प्रमाण बरोब्बर १:४:९, आणि तिच्यावर ऊन पडलं की ती एकच सिग्नल सोडते आणि गप्प होते. त्या सिग्नलच्या मागावर डिस्कव्हरी यान निघतं, वाटेत हॅल कॉम्प्युटर बिघडतो, फ्रँक पूलला मारतो, डेव्हिड बोमन एकटा उरतो, पुढं दुसऱ्या एका मोठ्या शिळेतनं आरपार जातो आणि स्टार चाइल्ड, म्हणजे माणसापलीकडचं काहीतरी, होऊन पृथ्वीपाशी परत येतो. आता पुढं काय करायचं ते त्याला अजून कळलेलं नाही पण काहीतरी सुचेल, अशा अर्थावर पुस्तक संपतं. आख्खी मालिका त्या 'काहीतरी'च्या उधारीवर चाललीय असं म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या पुस्तकात शिळा लाखोंनी वाढतात, गुरू ग्रहाला दाबून दाबून त्याचा छोटा सूर्य करतात, आणि माणसाला निरोप येतो की बाकी सगळे ग्रह-उपग्रह तुमचे पण युरोपावर, म्हणजे गुरूच्या एका चंद्रावर, उतरायचं नाही. यात एक प्रकरण आहे, चिनी यान 'त्सिएन' सगळ्यांच्या आधी युरोपावर उतरतं, यानाचे दिवे बघून बर्फाखालनं एक झाडासारखा अवाढव्य जीव सरपटत वर येतो आणि यान मोडून टाकतो, मग एकटा उरलेला शास्त्रज्ञ, कुणी ऐकतंय की नाही हे माहीत नसताना, ऑक्सिजन संपेपर्यंत रेडिओवर काय बघितलं ते सांगत राहतो. सरांनी हे मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आणि नंतर बराच वेळ कुणी भडंगालासुद्धा हात लावला नव्हता. तिसरं पुस्तक जरा हलकं आहे. हॅलेचा धूमकेतू, १०३ वर्षांचा डॉक्टर हेवूड फ्लॉइड, आणि युरोपावर एक डोंगर जो आख्खा हिऱ्याचा निघतो. क्लार्कला खरं तर गॅलिलिओ यानाकडनं गुरूची नवी माहिती यायची वाट बघायची होती, पण जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर या अंतराळयानाचा अपघात झाला, गॅलिलिओ लांबणीवर पडलं आणि त्यानं धूमकेतू घेऊन पुस्तक उरकलं. त्यामुळं तिसरं थोडं सैल वाटलं तरी कट्ट्यानं सोडून दिलं. चौथ्यात वसूल होईल म्हणाले.

चौथं वाचून सगळे जमले त्या दिवशी चहा यायच्या आधीच सुरू झालं. वहिनींचा पहिला प्रश्न, फ्लॉइड कुठाय? दुसऱ्या पुस्तकात हा माणूस अंतराळात असताना बायको सोडून जाते, तिसऱ्यात तो म्हातारा होऊन परत येतो, शेवटी त्याची एक प्रत बोमन आणि हॅलबरोबर त्या शिळेत साठवली जाते, म्हणजे तिघं जण आत आहेत. आणि चौथ्यात आत फक्त दोघं, बोमन आणि हॅल, मिसळून झालेला 'हॅलमन'. फ्लॉइडचं काय झालं यावर एक ओळ नाही. वहिनी म्हणाल्या, "अहो, आमच्या बँकेत डॉर्मंट खात्याचीसुद्धा नोंद ठेवावी लागते."

दादाला वेगळं खटकलं होतं. चौथ्याची गोष्ट अशी की हजार वर्षांनी फ्रँक पूलचं गोठलेलं शरीर सापडतं, त्याला जिवंत करतात, आणि पुस्तकाचा निम्मा भाग तो ३००१ सालचं जग बघत फिरतो. मग कळतं की विसाव्या शतकातली माणसं फार हिंसक आहेत असा रिपोर्ट शिळेनं ४५० प्रकाशवर्षं लांब असलेल्या तिच्या वरच्या शिळेकडं पाठवला होता, तो जायला ४५० आणि उत्तर यायला ४५० अशी नऊशे वर्षं गेली, आणि आता येणारा हुकूम बहुतेक माणसाला संपवायचा असणार. उपाय काय, तर चंद्रावरच्या एका तिजोरीत जपून ठेवलेले जुने भयंकर कॉम्प्युटर व्हायरस काढायचे आणि हॅलमनच्या हातनं शिळेत सोडायचे. शिळा सूर्यप्रकाश अडवायला सुरुवात करतात आणि विरघळून जातात. झालं.

दादा म्हणाला, "मला साधा पार्ट प्रोग्रॅम मशीनवर चढवायचा असला तरी कंट्रोलर फॅनुक कंपनीचा आहे का सीमेन्सचा ते बघून पोस्ट प्रोसेसर, म्हणजे प्रोग्रॅम त्या मशीनच्या भाषेत बदलणारं सॉफ्टवेअर, बदलावा लागतो, एकाचा दुसऱ्यावर चालत नाही, आणि हितं तीस लाख वर्षांपूर्वीच्या मशीनला आपला व्हायरस चालला?" आणि हे सिनेमात बघितलंय म्हणाला, 'इंडिपेन्डन्स डे'मध्ये, १९९६ ला. ते खरंच आहे, क्लार्कनं स्वतः पुस्तकाच्या शेवटच्या टिपणात त्या सिनेमाचा उल्लेख केलाय.

इथं सर क्लार्कच्या बाजूनं उभे राहिले आणि तेही मुद्द्याचं बोलले. त्यांचं म्हणणं, पुस्तकातला व्हायरस म्हणजे फाईल खराब करणारा व्हायरस नाही, नीट वाचा, ते गणितातले न संपणारे प्रश्न आहेत, पाय (π) या संख्येचा शेवटचा आकडा काढ म्हटल्यासारखे. आणि कुठलाही कॉम्प्युटर, कुणीही बनवलेला असो, शेवटी गणिती ट्युरिंगनं मांडलेल्या कॉम्प्युटरच्याच चौकटीत बसतो, त्यामुळं असला प्रश्न आतल्या माणसाकडनं आत पोचला की तो अडकणारच, कंट्रोलर कुठला याचा संबंध नाही. यावर दादा दोन घोट चहा पिऊन म्हणाला, "सर, आमच्या स्वस्तातल्या मशीनलासुद्धा वॉचडॉग असतो. प्रोसेसर एका जागी अडकला, ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही, की टायमर अलार्म देऊन मशीन बंद पाडतो. गुरूचा सूर्य करणाऱ्यांना वॉचडॉग सुचला नाही?" सर हसले, पण उत्तर त्यांच्याकडं नव्हतं. माझ्या मते ते पुस्तकाकडंही नाही.

मग अण्णा. अण्णा कमी वाचतात पण वाचलेलं विसरत नाहीत. त्यांनी दुसरं आणि तिसरं पुस्तक बरोबर आणलं होतं, शेवटच्या पानांवर पानपट्टीच्या कागदाच्या खुणा घालून. दुसऱ्याच्या शेवटच्या प्रकरणावर साल आहे २०,००१. युरोपावरचे जीव वर बघतायत, नवा सूर्य तळपतोय, शिळा अजून पहाऱ्यावर उभी आहे. तिसऱ्याचा शेवट ३००१ सालातला, तो छोटा सूर्य विझतो आणि न्यूयॉर्कमध्ये आणून ठेवलेली शिळा जागी होते. म्हणजे हे दोन शेवट एकमेकांशी जुळत नाहीत, आणि चौथं पुस्तक दोन्हींपैकी कुठल्याच टोकाला गाठ मारत नाही. वाचक १९८७ ते १९९७ त्या जाग्या झालेल्या शिळेवर थांबला होता, आणि चौथ्यात तो धागा तिथनं उचललेलाच नाही.

सर म्हणाले, क्लार्कनं प्रस्तावनेत आणि टिपणांत स्पष्ट लिहिलंय की ही पुस्तकं एकापुढं एक अशी सलग नाहीत, एकाच कल्पनेवरची वेगवेगळी रूपं आहेत, समांतर विश्वातली समजा. पहिल्या पुस्तकात यान शनीला जातं आणि सिनेमात गुरूला, दुसऱ्या पुस्तकानं सरळ सिनेमातला गुरू उचलला, तेव्हा तुम्ही कुणी ओरडला नाहीत. यावर अण्णा जे बोलले ते मला पटलं. त्यांच्या भाषेत, शेतकऱ्यानं हंगामाआधी उचल घेतली तर हळद आल्यावर पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशोबात, ती वजा होणारच, त्या वेळी तो म्हणायला लागला की मागचं साल वेगळं आणि हे साल वेगळं, तर कुठला अडत्या ऐकून घेईल? शनीचा गुरू केला तर चालतंय, कारण त्यात आमचं काही अडकलेलं नव्हतं. शेवटच्या पानावर शिळा जागी केली ती उचल होती.

इथपर्यंत हे नेहमीचंच, मालिकेतल्या चुका काढणं. पण मला हे पुरेसं वाटेना. तारखा न जुळणाऱ्या कितीतरी मालिका लोक डोक्यावर घेतात. सरांनी वयाचं कारण काढलं, की १९१७ चा जन्म, पुस्तक आलं तेव्हा क्लार्क ७९ वर्षांचा, तब्येत साथ देत नव्हती, आणि काही पानं तर आधीच्या पुस्तकांतनं जवळपास जशीच्या तशी घेतलेली आहेत. पानांचं खरं आहे, ते मलाही आवडलं नाही. पण वयाचं कारण मला पटत नाही, कारण पुस्तकाचा पहिला अर्धा भाग दमलेल्या माणसाचा वाटतच नाही. विषुववृत्तावरनं वर गेलेले चार मनोरे, ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीभोवती बांधलेलं कडं, माणसांच्या बागेत कामाला ठेवलेले डायनोसॉर, डोक्यावर टोपी चढवली की सगळं ज्ञान आत. शिवाय ते मनोरे बांधायला गुरूच्या पोटातला हिरा वापरलाय, म्हणजे तिसऱ्या पुस्तकातला तो डोंगर उगाच नव्हता. हा एक धागा त्यानं बरोबर बांधलाय आणि त्याचं श्रेय कुणीच देत नाही.

आता ती तासगावची मुलगी. ती कट्ट्यावर आली तेव्हा आम्ही चौथ्यावर होतो, तिनं आधीची तीन वाचलेली नव्हती, सिनेमाही बघितलेला नव्हता, थेट '३००१' मोबाईलवर, एसटीत बसून वाचलं. आणि तिला आवडलं! आम्ही सगळे तक्रारी करतोय आणि ही म्हणतेय, मस्त आहे की ओ. अण्णा तिच्याकडं असे बघत होते की जणू हिनं ओली हळद वाळलेली म्हणून घेतली. पण प्रकरण अभ्यासायचं तर हे सोनंच होतं, कारण पुस्तक तेच, फक्त मागचं ओझं नाही.

तिला मी खोदून विचारलं. फ्लॉइड तिला माहीतच नव्हता. ४५० वर्षांचा निरोप तिला भारी वाटला, उलट सरांनाच तिथं अडचण होती, की पहिल्या पुस्तकात बोमन शिळेतनं काही वेळच न जाता परक्या ताऱ्यांपर्यंत पोचतो, मग निरोपालाच प्रकाशाचा वेग कशाला पाळायला लावला. वॉचडॉगचा मुद्दा तिला दादानं सांगितल्यावर पटला, पण वाचताना टोचला नव्हता. म्हणजे आमच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा पुस्तकाच्या नव्हत्याच, त्या 'शेवटचा भाग' या जागेच्या होत्या. सर खूश झाले.

पण मी एक केलं, महिनाभर जाऊ दिला आणि तिला पुन्हा विचारलं, शेवट काय होता? मनोरे आठवत होते, डायनोसॉर आठवत होते, टोपी घालायला पूलचं टक्कल करावं लागतं ते आठवत होतं. शेवटाबद्दल ती म्हणाली, "काहीतरी व्हायरस सोडतात आणि वाचतात ना?" कोण सोडतं, का सोडतं, हॅलमनचं नंतर काय होतं, सगळं पुसलं गेलेलं. म्हणजे जिच्यावर कसलंही ओझं नव्हतं तिच्याही मनात शेवट रुजला नाही. तेव्हा दोष नुसता आमच्या अपेक्षांचा नाही.

माझं निदान असं आहे, सरांना ते अजून मान्य नाही. शेवटचा भाग उत्तर चुकीचं देतो म्हणून फसलेला नाही. तो प्रश्नालाच छाटून लहान करतो. पहिल्या पुस्तकात शिळा कुणी ठेवली आणि का, हे विचारायचीसुद्धा आपली ऐपत नाही असं वाटत राहतं. चौथ्यात त्याच शिळेला वरिष्ठ आहेत, वरिष्ठांकडं रिपोर्ट जातो, रिपोर्टवर निर्णय यायला उशीर होतो, म्हणजे थेट कलेक्टर ऑफिस. बोमनचं बघा. पहिल्याच्या शेवटी तो पृथ्वी हातात घेऊन बसलेलं काहीतरी अफाट आहे, दुसऱ्यात निरोप्या, चौथ्यात व्हायरस आत नेऊन द्यायचा हस्तक, आणि सगळं झाल्यावर तो आणि हॅल एका साठवणीच्या तबकडीत कॉपी होऊन त्याच चंद्रावरच्या तिजोरीत बंद, कारण त्याला स्वतःलाच लागण झाली असेल तर काय अशी भीती. एका देवाचं शेवटी अटॅचमेंटमध्ये रूपांतर झालं, तेही क्वारंटाईन केलेल्या.

आणि हे सगळं घाईत. पूल सुरुवातीपासून पाहुणा आहे, कुणी त्याला त्रास देत नाही, हजार वर्षांनी उठलेल्या माणसाला आई-बाप, मित्र, अख्खं जग गेल्याचं दुःखसुद्धा थोडक्यात आटपतं. धोका कळतो तेव्हा पुस्तक बरंच संपत आलेलं असतं. मग एक कमिटी बसते, योजना ठरते, आणि ती पहिल्याच झटक्यात चालते. युरोपावरचे जीव, ज्यांच्यासाठी गुरूचा सूर्य केला आणि ज्यांच्यासाठी त्सिएनवाला शास्त्रज्ञ बोलत बोलत मेला, त्यांना या सगळ्यात काहीही काम नाही. माझ्या लेखी फ्लॉइड गायब होण्यापेक्षा हे मोठं नुकसान आहे. ज्यांच्याभोवती तीन पुस्तकं पहारा दिला ते शेवटच्या खेळात प्रेक्षकही नाहीत. शेवटी दोन-चार ओळींत दूरचे मालक म्हणतात की हे विश्व अजून तरुण आहे, निवाडा नंतर करू. चार पुस्तकं वाचून आलेल्याला तारीख पे तारीख!

याचं पुढं काय केलं तर कट्ट्यानं नव्या माणसाला सांगायचा क्रम ठरवला. पहिली दोन सलग वाचायची, दुसऱ्याचं २०,००१ सालचं प्रकरण हाच मालिकेचा शेवट समजायचा. तिसरं वेळ असेल तर. चौथं लगेच घ्यायचं नाही, काही महिने जाऊ द्यायचे आणि मग प्रवासवर्णन म्हणून वाचायचं, मनोऱ्यांसाठी. त्या मुलीनं मग पहिली दोन वाचली, आता तीही फ्लॉइड कुठाय विचारते. वहिनींनी तिला शेजारी बसवून घेतलं.

अण्णांना पुढं त्याच क्लार्कची रामा मालिका घ्यायचीय. पहिलं १९७३ चं, त्याला विज्ञानकथेचे ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळालेले, आणि मग १९८९ ते १९९३ मध्ये जेंट्री लीबरोबर लिहिलेली तीन. सर म्हणतात, पहिलं वाचू आणि थांबू. अण्णा म्हणतात, उचल घेतली तर पट्टी बघितल्याशिवाय मी उठणार नाही. दादानं दोघांना सांगितलंय की आधी शेवटच्याचं शेवटचं प्रकरण तो एकटा वाचणार आणि फक्त हो किंवा नाही सांगणार, आणि यावरनं आता नवीन वाद सुरू आहे की हे चीटिंग धरायचं का नाही.